पदार्थाच्या अवस्था: गुऱ्हाळ, घाट आणि स्वयंपाकघरातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विज्ञान शिकवताना मुलं, पालक, गुऱ्हाळवाले आणि द्राक्ष बागायतदार पदार्थाच्या अवस्थांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. स्थायूला आकार ठरलेला, द्रवाला आकारमान ठरलेलं, वायूला दोन्ही नाही, हा तक्ता बहुतेकांना पाठ असतो. अडतं ते तोच तक्ता शेतात, घाटात किंवा चुलीपुढे लावताना. माझ्या मते याचं कारण एकच आहे. "पाणी द्रव आहे" हे वाक्य आपण पूर्ण समजून चालतो, पण ते अर्धंच असतं. किती तापमानाला आणि किती दाबाखाली, हे सांगितल्याशिवाय कोणत्याही पदार्थाची अवस्था सांगता येत नाही. खाली तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये दिलं आहे.

स्थायू, द्रव आणि वायू यांचे कण वेगळे असतात का?

नाही. बर्फ, पाणी आणि वाफ या तिन्हींत रेणू तोच. बदलतं ते रेणूंमधलं अंतर आणि त्यांना मिळालेली मोकळीक. स्थायूत कण आपापल्या जागी कंप पावतात, पण जागा सोडत नाहीत. द्रवात ते जवळजवळच असतात, मात्र एकमेकांवरून सरकू शकतात. वायूत ते सुटे होऊन मिळेल तेवढी जागा व्यापतात. अंतर किती वाढतं याचा अंदाज हवा असेल तर हा आकडा लक्षात ठेवा: १ लिटर पाण्याची १०० अंशांना नेहमीच्या दाबाखाली पूर्ण वाफ केली तर ती १,६०० लिटरपेक्षा जास्त जागा घेते. रेणू एकही वाढलेला नसतो.

आपल्याकडचं उदाहरण किर्लोस्करवाडीचं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला आणि तिथे बिडाचे नांगर ओतले जाऊ लागले. बीड साधारण १,१५० ते १,२०० अंशांना वितळतं. वितळलेला रस वाळूच्या साच्यात ओतला की कोपऱ्याकोपऱ्यात जातो, कारण द्रवाला स्वतःचा आकार नसतो. थंड झाल्यावर साचा फोडून टाकला तरी फाळाचा आकार टिकतो, कारण आता तो स्थायू आहे. ओतकामाचा सगळा धंदा अवस्थेच्या या एका बदलावर उभा आहे.

वाळूही ओतता येते आणि भांड्याचा आकार घेते. मग ती द्रव का नाही?

कारण वाळूचा प्रत्येक कण स्वतंत्र स्थायू आहे. बादलीतली वाळू जमिनीवर ओता, तिचा ढीग होतो. पाण्याचा ढीग होत नाही. द्रवाचा पृष्ठभाग आपोआप सपाट होतो, वाळूचा उतार तसाच राहतो. रवा, मीठ, साखर, हळद पूड यांनाही हेच लागू.

बर्फ वितळत असताना तापमान वाढत का नाही? आपण उष्णता तर देतच असतो.

हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. एका पातेल्यात ठेचलेला बर्फ घ्या, त्यात तापमापी ठेवा आणि मंद आचेवर ढवळत राहा. पारा ० अंशाला येतो आणि तिथेच थांबतो. बर्फाचा शेवटचा खडा वितळेपर्यंत तो हलत नाही, आणि खडा संपला की लगेच चढू लागतो. मधल्या वेळात दिलेली उष्णता कणांची गती वाढवण्यात गेली नाही. कणांना जागेवर धरून ठेवणारी बांधणी सोडवण्यात ती खर्ची पडली. तिला अप्रकट उष्मा म्हणतात.

ही उष्णता थोडीथोडकी नाही. ० अंशाचा १ ग्रॅम बर्फ ० अंशाच्याच पाण्यात बदलायला सुमारे ८० कॅलरी लागतात. तेवढ्यात तेच १ ग्रॅम पाणी ० पासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. उकळत्या पाण्याची वाफ करताना तर दर ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी लागतात. म्हणूनच १०० अंशांच्या पाण्यापेक्षा १०० अंशांच्या वाफेने जास्त भाजतं. ती वाफ त्वचेवर पाणी होताना या ५४० कॅलरी आपल्याच अंगावर सोडते. कुकरचं झाकण घाईने उघडू नका, असं घरात सांगतात त्यामागे हे कारण आहे.

शुद्ध पाणी उकळताना तापमान स्थिर राहतं. मग गुऱ्हाळात रस उकळत असतानाही का तापत जातो?

कारण काहिलीत फक्त पाणी नसतं आणि जे असतं तेही क्षणोक्षणी बदलत असतं. कराड-वाळव्याच्या उंचीवर साधं पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. ताज्या रसात साखर असली तरी पाणीच जास्त, त्यामुळे सुरुवातीला रसाचा उत्कलनांक पाण्याच्या जवळपासच असतो. चुलवाणात चिपाडं पेटलेली असतात, रसात भेंडीचा चिकट रस घातलेला असतो, वर आलेली मळी काढणं चाललेलं असतं. या काळात बराच वेळ तापमान फारसं हलत नाही. आग मात्र तेवढीच असते, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते.

पाणी जसं उडून जातं तशी उरलेल्या द्रवातली साखर दाट होते. पाण्याच्या रेणूंना निसटायला साखरेच्या रेणूंची अडचण होते, म्हणून उकळण्यासाठी जास्त तापमान लागतं. पाक १०५ अंशांच्या आसपास आला की काकवी होते. ११५ च्या पुढे, साधारण ११८ पर्यंत गेला की तो गुळाचा पाक. शेवटचे काही अंश फार भराभर चढतात, कारण उडवायला पाणीच उरलेलं नसतं. गुळव्या या वेळी काहिलीसमोरून हलत नाही. तो पाकाचे थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी करून बघतो. गोळी कडक झाली, टाकल्यावर टणकन वाजली, की काहील उतरवायची. ही परीक्षा म्हणजे पाकात किती पाणी शिल्लक आहे याचं मोजमापच आहे. पाणी जास्त राहिलं तर ढेप बसत नाही, आणि आणखी तापवला तर पाक करपतो. वाफ्यात ओतून घोटताना साखरेचे बारीक स्फटिक धरतात आणि मग द्रवाचा स्थायू होतो. अवस्थांतराचा हा पूर्ण धडा दर हंगामात आपल्या शिवारात चालतो. मुलांना एकदा तरी तापमापी घेऊन तिथे न्यावं, असं मी प्रत्येक शिक्षकाला सांगतो.

मग साखर कारखान्यात तोच रस ६०-७० अंशांना कसा उकळतो?

दाब कमी करून. कारखान्यातल्या बंद पॅनमधली हवा आणि वाफ सतत ओढून घेतली जाते, त्यामुळे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी असतो. द्रवाच्या आतून बुडबुडे फुटून वर यायला बाहेरच्या दाबावर मात करावी लागते. तो दाबच कमी केला की उकळणं कमी तापमानाला सुरू होतं. फायदा असा की साखर करपत नाही, रंग पांढरा राहतो आणि इंधन वाचतं. उघडी काहील आणि बंद पॅन, दोन्हीकडे ऊस तोच. फरक दाबाचा.

महाबळेश्वरला डाळ लवकर का शिजत नाही?

दाबच. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचावर आहे. वर जाल तसा डोक्यावरच्या हवेचा थर कमी होतो आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनांक ढोबळमानाने १ अंशाने उतरतो. सांगलीत तो ९८ च्या आसपास असतो, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या आसपास. उघड्या पातेल्यात डाळ कितीही खळखळली तरी पाणी त्यापेक्षा गरम होत नाही. आच वाढवून फक्त पाणी लवकर आटतं. कुकर नेमकं उलट करतो: वाफ कोंडून दाब वाढवतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत द्रवच राहतं.

पसरणी घाट चढताना वेफर्सची पाकिटं का फुगतात?

पाकिटात वाईला किंवा त्याखाली भरलेली हवा तेवढीच असते, बाहेरचा दाब मात्र कमी होत जातो. वाईपासून महाबळेश्वरपर्यंत तो सुमारे ७ टक्क्यांनी उतरतो. वायू सहज दबतो आणि तितक्याच सहज पसरतो. त्याच पिशवीत पाण्याची बाटली असेल आणि ती काठोकाठ भरलेली असेल, तर तिच्यात काहीच फरक दिसणार नाही.

पाणी अजिबात दाबता येत नाही, हे खरं आहे का?

जवळजवळ खरं. कोयना धरणाची उंची १०३ मीटर आहे. १०० मीटर खोल पाण्यात वरच्या पाण्यामुळे पडणारा दाब हवेच्या दाबाच्या जवळपास दहापट असतो. इतक्या दाबाने हवेचं आकारमान दहाव्या हिश्शाच्या आसपास येईल. पाणी मात्र १,००० लिटरमागे जेमतेम अर्धा लिटर आक्रसतं. द्रवाचे कण मुळातच एकमेकांना लागून असतात, त्यांच्यात दाबायला रिकामी जागा नसते. जेसीबीचा हात आणि ट्रॉली उचलणारा जॅक तेलाच्या दाबावर चालतो तो याच गुणामुळे.

एक गोष्ट जाता जाता. धरणाच्या तळाशी असलेला दाब पाण्याच्या खोलीवर ठरतो, जलाशय किती लांब पसरला आहे यावर नाही.

चहाच्या कपातून निघते ती पांढरी वाफ म्हणजे वायूच ना?

नाही. पाण्याची वाफ दिसत नाही. किटलीच्या तोटीकडे नीट बघा: तोंडाशी लागून थोडी जागा रिकामी दिसते आणि पांढरेपणा त्यापुढे सुरू होतो. ती रिकामी दिसणारी जागा खऱ्या वाफेची. पुढे गार हवा लागून तिचे सूक्ष्म थेंब होतात, आणि आपल्याला दिसतात ते थेंब, म्हणजे द्रव. पाचगणीत खिडकीतून आत येणारा ढग, थंडीत पहाटे कृष्णेच्या पात्रावर तरंगणारं धुकं, सगळे द्रवाचेच थेंब.

तासगावला बेदाणा शेडमध्ये वाळतो, उन्हात नाही. पाणी न उकळता उडून कसं जातं?

उकळणं आणि बाष्पीभवन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उकळणं ठरावीक तापमानाला होतं आणि द्रवाच्या आतून होतं. बाष्पीभवन कोणत्याही तापमानाला होतं, पण फक्त पृष्ठभागावरून. द्रवातले सगळे रेणू सारख्या गतीने हलत नाहीत. पृष्ठभागापाशी असलेले जे जास्त वेगवान असतात ते निसटतात. मागे राहतात ते सावकाश हलणारे, म्हणून उरलेला द्रव गार पडतो. माठातलं पाणी गार होतं ते यामुळेच.

बेदाण्यात अडचण द्राक्षाच्या सालीची आहे. सालीवर मेणाचा नैसर्गिक थर असतो आणि तो पाणी आत धरून ठेवतो. म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. त्याने मेणाच्या थरातून पाण्याला वाट मिळते. मग जाळ्यांच्या रॅकवर द्राक्षं पातळ पसरून ठेवतात, कारण उघडा पृष्ठभाग जितका जास्त तितकं बाष्पीभवन जास्त. शेड बाजूंनी मोकळं असतं, कारण वाहता वारा सालीजवळची दमट हवा वाहून नेतो. वर छप्पर असतं, कारण थेट उन्हाने रंग काळपट पडतो. तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्याला फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा लाभते. हवेत आधीच वाफ कमी असेल तर पाणी झपाट्याने उडतं. ढोबळमानाने ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो, बाकीचं बहुतेक सगळं पाणी हवेत गेलेलं असतं.

आता या हिशेबात एकच गोष्ट बदला. मार्चमध्ये आभाळ आलं, अवकाळीचे चार शिंतोडे पडले, हवेतली आर्द्रता वाढली. तापमान फार उतरलेलं नसतं, तरी वाळवण थबकतं. दमट हवेतून जवळजवळ तेवढेच रेणू परत सालीवर येत असतात. मण्यांचा रंग डागाळतो, बुरशीची भीती राहते आणि शेतकऱ्याचा भाव पडतो. पुस्तकात "बाष्पीभवनावर परिणाम करणारे घटक" म्हणून पृष्ठफळ, तापमान, वारा आणि आर्द्रता अशी चार नावं असतात. रॅकवर माल असलेल्या माणसाला त्यातली आर्द्रता फार जवळून माहीत असते.

महाबळेश्वरला तापमान ५-६ अंश असतानाही दवबिंदू कसे गोठतात?

दर हिवाळ्यात वेण्णा लेकच्या जेटीवर, लिंगमळ्याच्या गवतावर, गाड्यांच्या टपांवर पांढरे हिमकण दिसल्याची बातमी येते. त्याच बातमीत तापमान ५ किंवा ६ अंश लिहिलेलं असतं आणि मुलं विचारतात, की पाणी तर ० ला गोठतं ना? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हवामानाचं तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पेटीत ठेवलेल्या तापमापीने मोजतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन, गवत आणि गाडीचा पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात. ढग नसल्याने ती परत येत नाही. पृष्ठभाग हवेपेक्षा काही अंशांनी जास्त गार होतो. त्यात थंड हवा जड असल्याने उतारावरून सखल भागात, तळ्याकाठी साचते. पेटीत ५ अंश असतानाच गवताच्या पात्यावर तापमान ० च्या खाली गेलेलं असू शकतं.

तिथे दोन प्रकार घडतात. कधी आधी दव पडतं आणि मग ते दव गोठतं: वायूचा द्रव, द्रवाचा स्थायू. कधी पृष्ठभाग इतका गार असतो की हवेतली वाफ मधली पायरी न घेता थेट बर्फाच्या बारीक सुयांच्या रूपात बसते. दुसऱ्या प्रकारचे हिमकण भुसभुशीत, पिसासारखे दिसतात. पहिले काचेच्या मण्यांसारखे.

स्ट्रॉबेरीच्या शेतकऱ्याला हे पाहून आनंद होत नाही. कोवळ्या फुलांत आणि पानांत बर्फ धरला की पेशींना इजा होते आणि दुपारी ती काळी पडलेली दिसतात. झाडांवर आच्छादन टाकल्याचा उपयोग होतो, कारण आकाशाकडे जाणारी उष्णता अडते.

मग वेण्णा तलाव का गोठत नाही?

पाणी ४ अंशांना सगळ्यांत जड असतं. थंड होणारं पाणी ४ अंशांपर्यंत तळाला जातं आणि खालचं उबदार पाणी वर येतं. पूर्ण तलाव ४ अंशांपर्यंत गार झाल्याशिवाय पृष्ठभाग त्याखाली उतरूच शकत नाही, आणि आपल्याकडची एक थंड रात्र त्याला पुरत नाही. हिमालयात किंवा युरोपात तलाव गोठतो तेव्हाही वरून गोठतो, कारण बर्फाची घनता पाण्यापेक्षा कमी असल्याने तो तरंगतो. खाली मासे जिवंत राहतात. बहुतेक पदार्थांत स्थायू आपल्याच द्रवात बुडतो. पातळ तुपात थिजलेल्या तुपाचा गोळा टाकून बघा, तळाला जाईल.

थंडीत मध घट्ट आणि रवाळ झाला. भेसळ आहे का?

तेवढ्यावरून भेसळ म्हणता येत नाही. महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघर या मधाच्या गावातून आणलेला अस्सल मधही रवाळ होऊ शकतो. मधात पाण्याच्या मानाने साखर इतकी जास्त असते की ती विरघळलेल्या रूपात मुश्किलीने टिकून असते. थंडी पडली की त्यातलं ग्लुकोज स्फटिक होऊन बाहेर पडतं. ज्या फुलांच्या मधात ग्लुकोजचं प्रमाण जास्त, तो लवकर रवाळतो. बाटली कोमट, साधारण ४० अंशांच्या पाण्यात ठेवा, मध पुन्हा पातळ होईल. थेट गॅसवर तापवू नका. उलट बाजूही सांगायला हवी: मध रवाळला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही, आणि रवाळला म्हणून खरा ठरत नाही.

तूप वितळतं तेव्हा त्याचा ठरावीक द्रवणांक का सापडत नाही?

तूप हा एक पदार्थ नाही, अनेक प्रकारच्या स्निग्ध पदार्थांचं मिश्रण आहे. काही भाग आधी वितळतो, काही मागाहून. म्हणून मध्येच ते अर्धं पातळ, अर्धं दाणेदार दिसतं. ठरावीक द्रवणांक ही शुद्ध पदार्थाची खूण आहे आणि प्रयोगशाळेत शुद्धता तपासायला तिचाच आधार घेतात. खोबरेल तेलही मिश्रणच, पण ते २४-२५ अंशांच्या आसपास बऱ्याच छोट्या टप्प्यात बदलतं, त्यामुळे डिसेंबरमध्ये बाटलीत थिजतं.

काच हा खरं तर सावकाश वाहणारा द्रव आहे, हे खरं का?

नाही, पण हा समज इतका पसरला आहे की नीट उत्तर द्यायला हवं. कराडजवळच्या ओगलेवाडीला काचेचा मोठा कारखाना होता आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर गेला. कंदिलाची काच बनवणारा कारागीर एका गोष्टीवर अवलंबून असतो: काच बर्फाप्रमाणे एका ठरावीक तापमानाला वितळत नाही. तापवत गेलं की ती आधी मऊ होते, मग चिकट, मग पातळ. म्हणूनच तिला फुंकून आकार देता येतो. याचं कारण तिच्या कणांची रचना स्फटिकासारखी सुबक रांगांची नसते. द्रवात असते तशी ती अस्ताव्यस्त असते, फक्त जागच्या जागी थिजलेली. अशा स्थायूला अस्फटिकी स्थायू म्हणतात.

नेहमीच्या तापमानाला काच वाहत नाही. जुन्या इमारतींतली तावदानं खाली जाड असतात असं सांगितलं जातं. पूर्वी सपाट काच बनवण्याच्या पद्धतीतच जाडी सगळीकडे सारखी येत नसे, हे त्याचं कारण. सावकाश वाहणारा पदार्थ पाहायचा असेल तर तो डांबरासारखा पिच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली थॉमस पार्नेल यांनी तो एका नरसाळ्यात भरून ठेवला. हातोडी मारली तर त्याचे तुकडे होतात, पण नरसाळ्यातून तो थेंबाथेंबाने गळतो. २०१४ पर्यंत फक्त ९ थेंब पडले.

कापूर ठेवल्या जागी संपतो आणि जाळला तरी संपतो. दोन्ही एकच का?

नाही. डबी उघडी राहिली की कापूर स्थायूतून थेट वायू होतो. हे संप्लवन, इथे कापूर कापूरच राहतो. आरतीत तो जळतो तेव्हा ऑक्सिजनशी संयोग होऊन दुसरेच पदार्थ तयार होतात. तो रासायनिक बदल. कपाटातल्या डांबरगोळ्याही संप्लवनाने झिजतात.

कोरडा बर्फ, म्हणजे स्थायू कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंशांना थेट वायू होतो. त्याचा द्रव होतच नाही असं मुलं लिहितात. हवेच्या नेहमीच्या दाबाखाली होत नाही, इतकंच खरं. दाब पाचपटीहून थोडा जास्त वाढवला की होतो, आणि कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामक नळकांड्यात तो द्रवच भरलेला असतो.

गॅस सिलिंडर हलवला तर आत पाणी डचमळल्यासारखं का वाटतं?

आत द्रवच असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना आणि ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे आपल्या हवेत दोन्ही वायूच. दाबाखाली ते द्रव राहतात आणि थोड्या जागेत १४.२ किलो मावतात. द्रवाचा वायू होताना आकारमान सुमारे २५० पट होतं. नॉब उघडला की वरचा वायू बाहेर जातो, दाब किंचित उतरतो आणि खालचा द्रव उकळून ती जागा भरतो. या उकळण्याला लागणारी उष्णता तो सिलिंडरच्या पत्र्याकडून घेतो. हॉटेलात मोठी शेगडी चालू असताना सिलिंडर खालून गार आणि ओला दिसतो तो यामुळे. किती गॅस उरला हे पाहायला सिलिंडर ओल्या फडक्याने पुसा. वरचा भाग आधी सुकतो, द्रव असलेला भाग उशिरा.

हा वायू हवेपेक्षा जड आहे. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका.

उष्णतेने सगळे पदार्थ सारखेच प्रसरण पावतात का?

वायू सर्वांत जास्त, द्रव कमी, स्थायू सर्वांत कमी. नेहमीच्या तापमानाला वायूचं आकारमान दर अंशाला सुमारे तीनशेव्या हिश्शाने वाढतं, स्थिर दाबाखाली. पोलादाचं वाढणं डोळ्यांना दिसत नाही, पण लांबी मोठी असली की आकडा मोठा होतो: १ किलोमीटर रूळ ३० अंशांनी तापला तर ३६ सेंटिमीटर वाढू पाहतो. मिरजेत तंबोरा बनवणाऱ्यांना हाच गुण दुसऱ्या बाजूने भेटतो. दिव्यांच्या उष्णतेने तार लांबते, ताण सैल होतो आणि सूर उतरतो.

दही, टूथपेस्ट, साबणाचा फेस कोणत्या अवस्थेत मोडतात?

एका अवस्थेत बसवायचा हट्ट करू नका. दह्यात प्रथिनांच्या जाळीत पाणी अडकलेलं असतं, फेसात द्रवाच्या पातळ पापुद्र्यांत हवा. ही मिश्रणं आहेत, त्यांचं वागणं घटकांवर आणि आपण किती जोर लावतो यावर ठरतं.

चौथी आणि पाचवी अवस्था म्हणजे काय?

वायूला फार तापवलं किंवा त्यातून जोरदार विद्युतप्रवाह गेला, की अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या अवस्थेला आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ साली प्लाझ्मा हे नाव दिलं. वळवाच्या पावसात कडाडणारी वीज म्हणजे क्षणभराचा प्लाझ्मा, तिथे तापमान ३०,००० अंशांच्या आसपास जातं. ट्यूबलाइटमध्येही प्लाझ्मा असतो, पण फार कमी दाबाखाली, म्हणून नळी हाताला तेवढी गरम लागत नाही. सूर्य आणि तारे प्लाझ्माचेच.

पाचव्या अवस्थेमागे आपल्या देशाचं काम आहे. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली प्रकाशकणांची मोजणी करण्याची नवी पद्धत मांडली, आइनस्टाइन यांनी ती अणूंना लावून दाखवली. निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंशांच्या आसपासच्या सर्वांत कमी तापमानाच्या, अगदी जवळ अनेक अणू एकाच क्वांटम स्थितीत जातील, म्हणजे जणू एकच अणू असल्यासारखे वागतील, असा त्यातून निष्कर्ष निघाला. १९९५ साली एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी अमेरिकेत रुबिडियमच्या अणूंवर ते प्रत्यक्षात आणलं. या अवस्थेला बोस-आइनस्टाइन संघनित म्हणतात. निरपेक्ष शून्याजवळ सगळं गोठतंच असंही नाही: हेलियम नेहमीच्या दाबाखाली कितीही थंड केला तरी द्रवच राहतो, स्थायू व्हायला त्याला हवेच्या दाबाच्या सुमारे २५ पट दाब द्यावा लागतो.

घरी, खर्च न करता, काय करून पाहता येईल?

औषधाच्या दुकानात सुई नसलेली सिरिंज मिळते. तिच्यात अर्ध्यापर्यंत हवा ओढा, तोंड अंगठ्याने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबा. तो बराच आत जातो आणि सोडल्यावर परत येतो. आता हवेचा बुडबुडा न ठेवता पाणी भरून तेच करा. दट्ट्या हलणार नाही. शेवटी सिरिंजच्या पाव भागापर्यंत गरम पाणी घ्या, साधारण ६० अंशांचं. एवढ्या पाण्याने हात भाजू शकतो, म्हणून मोठ्यांनीच आणि जपून करा. तोंड बंद करून दट्ट्या जोरात मागे ओढा. आतला दाब पडतो आणि पाण्यात बुडबुडे उठायला लागतात. पाणी आधी उकळून, झाकून निववलेलं घेतलंत तर त्यात विरघळलेली हवा फारशी उरत नाही, आणि दिसणारे बुडबुडे बहुतांश वाफेचे असतात.